कान्हूने पाहुण्यांसाठी आगर झाडलं

कान्हूला मी चाळीस वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत त्याने कोणाला सरळ नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. "बरा" म्हणतो आणि मग स्वतःला पटेल ते करतो.

धरमतरच्या खाडीला लागून आमच्या घराण्याचं मिठागर आहे. ते कान्हू आणि त्याची बायको पुतळी करतात. आधी त्याचा बाप करायचा. आम्ही शिकलो, मास्तरकी-डॉक्टरकी करत पेणला रामवाडीत राहायला आलो. जेवणात मीठ कमी पडलं तर आम्हाला कळतं, त्यापलीकडे मिठातलं काही कळत नाही. कान्हूचा मुलगा प्रवीण रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो. त्यालाही आगर नको आहे. कान्हूला मात्र तेच हवं आहे, दुसरं काही नको.

यंदा माझा भाचा शौनक म्हणाला, "आत्या, तिथे भराव घालून गोदामाला जागा देऊ." त्याच सुमारास तालुक्यात ग्रामीण पर्यटनाची टूम निघाली. खाडीकाठची ठिकाणं निवडायची, फलक लावायचे, शहरातल्या लोकांनी येऊन बघायचं. मी शौनकला आगराचं नाव द्यायला लावलं. तो म्हणाला, "यादीत आलं तर कान्हूकडे राहू दे. नाही आलं तर भराव."

हे मी कान्हूला जसंच्या तसं सांगितलं.

"बरा," तो म्हणाला. "पन बाय, ते बघणार काय?"

"तुझं आगर, दुसरं काय! शुक्रवारी येतील. नीट तयारी ठेव."

'नीट तयारी' म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही. मलाच कुठे ठाऊक होतं?

शुक्रवारी ठिकाणं निवडणाऱ्या समितीबरोबर मी गेले आणि बघतच राहिले. वाफ्यांत मिठाचा कणसुद्धा नव्हता. बांध चिखलाने लिंपून गुळगुळीत केलेले, वाफे तुडवून पक्के केलेले, त्यांत खाडीचं नवं पाणी. मिठाची रास एका कोपऱ्यात पेंढ्याखाली झाकलेली.

"कान्हू, मीठ कुठे?"

"काढला सगला. पावनं येनार म्हंजे घर सारवून ठेवाचा नाय? कच्चा मीठ वाफ्यात पसरलेला, लोकांनी काय बोलाचा?"

"मी सांगत व्हते, एक तरी वाफा ऱ्हाऊ द्या," पुतळी कडाडली. "आयकतील तर ना! सवताच्या लग्नात यवढी आंघोल केली नव्हती यांनी."

समितीच्या वैशाली मॅडमनी कागद चाळला. "इथे मीठ बनवण्याचं प्रात्यक्षिक लिहिलंय. दाखवा ना बनवून."

"आता? पंधरा दिस लागतील, मॅडम."

"थोडंसंच दाखवा."

"थोडासा बनवाला पन पंधरा दिसच," कान्हू अगदी अदबीने म्हणाला.

 गेलं आगर, असंच मला वाटलं. तेवढ्यात समितीतले एक गृहस्थ गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावून ओरडले, "अहो, तिकडे बघा!" नव्या पाण्यात शेकाट्या उतरल्या होत्या, लाल काटकुळ्या पायांचे पाणपक्षी. पाच-पन्नास तरी असतील. मॅडम फोटो काढत सुटल्या. कान्हू माझ्या कानाशी लागला. "ह्या रोजच्याच हायत. ह्यांना काय बघतात?"

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. आगर यादीत! 'पक्षीनिरीक्षण स्थळ'. कान्हू मार्गदर्शक, त्याला टोपी आणि ओळखपत्र. खाली एक अट होती: पक्ष्यांना त्रास होईल असं कोणतंही काम, मीठ काढणंसुद्धा, जूनपर्यंतच्या हंगामात करू नये.

शौनकने फोनवर अभिनंदन केलं. भराव टळला, शब्दाला तो जागला. मी पत्र घेऊन आगरावर गेले, मोठ्याने वाचलं. कान्हूने ते मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे आगर माझ्याकडं ऱ्हायला?"

"हो."

"आन् मीठ काढाचा नाय?"

"नाही."

"मंग आपन पास झालो का नापास?"

बत्तीस वर्षं मी शाळेत निकाल लावले. हा काही मला लावता येईना. वैशाली मॅडमना तिथूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "मीठ जूननंतर काढा ना." जूननंतर, भर पावसात मीठ! मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं.

वाफ्यांत पांढरी साय धरायला लागली होती. आणखी चार-पाच दिवसांत मीठ काढणीला आलं असतं. शेकाट्या मधोमध चरत होत्या. कान्हू लाकडी फावडं घेऊन बांधावर उभा राहिला. आत पाय टाकेना आणि मागेही येईना.

"उतर," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय!"

"बरा," तो म्हणाला.

पण तो उतरला नाही. फावडं बांधावर टेकवून म्हणाला, "बाय, रविवारी शहरातली मान्सं येतील. इचारतील, तुमी हितं काय करता. त्यांना काय सांगू?"

पुतळी त्याच्याकडे बघत होती, आणि तो माझ्याकडे.