मामांचं बटण

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा शेजारी हाताने करायचं काम दिसलं की अस्वस्थ व्हायचा. फाटक आपोआप मिटावं म्हणून त्याने दोरीला वीट बांधून टांगली होती. टाकी भरली की पाण्याची मोटर आपसूक बंद होईल, अशीही सोय त्याने केली. "आज्जी, माणसानं तेच काम रोज कशाला करायचं?" असं तो जिन्यातूनच ओरडून विचारी. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

बाळांनो, तो कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळायचा. एका मोठ्या यंत्राच्या पोटात त्याने कितीतरी व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे नुसत्या प्रोग्रॅमने बनलेले संगणक, उभे केले होते. ते रोज सकाळी एकामागून एक सुरू करायचं काम निवृत्तीला आलेले एक मामा करत. मग याने प्रोग्रॅम लिहिला आणि तेही काम आपोआप होऊ लागलं. साहेब खूश झाले. "मग मामांना आता कशाला ठेवायचं?" असं त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे बशीत चहा ओतून पीत बसला होता. मी काळजीने विचारलं, "मामांची नोकरी गेली का रे?"

"जातीया कशी? मामांनी बटण दाबल्याबिगर एकबी सर्व्हर उठत न्हाय आता. म्हटलं साहेबांना, जबाबदार माणूस पायजेच की!"

"पण त्या बटणाची खरंच गरज आहे का?"

त्याने बशी खाली ठेवली आणि तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"मशीनला न्हाय, आज्जी."