बांगड्याचे काटे

नवऱ्याचा धडधाकट हात बांधून ठेवा, असं एका मुलीने मला सांगितलं तेव्हा ही काहीतरी फसवाफसवी आहे, हाच माझा पहिला विचार होता.

परळला एका ट्रस्टचं केंद्र आहे. लकवा, अपघात, जन्मापासूनचं अपंगत्व, असे सगळे सकाळी येतात, व्यायाम करून दुपारी घरी जातात. देणग्यांवर चालतं. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी हाच पत्ता दिला. पाय हळूहळू ताळ्यावर आला, काठी टेकत चालायला लागला. उजवा हात मात्र हट्टाला पेटला होता. थोडी मूठ वळायची, पण वळली की उघडायची नाही. हा माणूस आयुष्यभर लालबागच्या एका गाळ्यात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत आला, मोटारीत केसासारखी तांब्याची तार भरत आला. तो हात गेला तर मागे काय उरतं, हे मला कोणी समजावून द्यायला नको होतं.

मी दादरला साड्यांच्या दुकानात आलेला माल तपासते. गठ्ठा फोडायचा आणि डाग, विरलेला धागा, काठातली चूक शोधायची. ही सवय दुकानाबाहेरही सुटत नाही. केंद्राच्या भिंतीवर हसऱ्या पेशंटांचे फोटो होते. ज्यांचं काहीच झालं नाही त्यांचे कुठे लावलेत, असं माझ्या मनात आलं. थेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, नवऱ्याला काका आणि मला काकू म्हणणारी. काकांचं बोट जरा हललं की ही म्हणणार, "खूप छान!" जो व्यापारी प्रत्येक साडीला एक नंबर म्हणतो, त्याचा माल मी दोनदा उलटून बघते.

तिचं म्हणणं असं, की डावा हात सगळी कामं करतो म्हणून उजव्याला काही करावंसं वाटत नाही. तेव्हा रोज काही तास डाव्यावर पिशवी चढवून बांधून टाकायची. जेवणसुद्धा उजव्यानेच. मग सांडो, लवंडो. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवायचं. आणि कोणी भरवायचं नाही.

"कोणीही नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"माझ्याकडे काय बघता? मी दुपारी दुकानात असते," मी म्हटलं.

जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी मी शिवली, मनगटाशी नाडी लावली. दुकानात जायच्या आधी मी नाडी बांधायची, ती आम्ही गठ्ठ्याला मारतो त्या गाठीने. ती दुसऱ्या कोणी सोडली तर पुन्हा तशी बांधता येत नाही.

काही आठवड्यांनी तिने चाचणी घेतली. प्लास्टिकच्या खुंट्या एका फळीवरून उचलून दुसऱ्या फळीच्या भोकांत बसवायच्या. नवऱ्याने एक उचलली, ती पाडली, दुसरी मुठीत अडकली. या वेळी ती खूप छान म्हणाली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, घरी सराव होत नाहीये. पिशवी निघते, नाहीतर कोणीतरी भरवतंय. महिनाअखेरीस पुन्हा बघू. फरक नसला तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग मोठी आहे."

बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ कोणा ट्रस्टींशी असलेल्या ओळखीबद्दल मोठ्याने फोनवर बोलत होते. रांगेत पुढे कोण आहे ते मला लगेच दिसलं. टॅक्सीत मी नवऱ्याला म्हटलं, "जागा हवीय त्यांना. म्हणून हे निमित्त."

"असेल," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

पण तिचं एक वाक्य मला सोडेना. कोणीतरी भरवतंय. आमच्या चाळीतल्या खोलीत दुपारी दोनच माणसं असतात, नवरा आणि माझ्या सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या. मुलाच्या आजारपणापासून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, आणि मुलाचा हात बांधते म्हणून मी त्यांच्या लेखी कसाई झाले होते.

संध्याकाळी काटे मीच गॅलरीतल्या मांजराला टाकते. त्या दिवशी टाकता टाकता थांबले. सकाळी मी तळून ठेवलेल्या बांगड्याचा मधला काटा सबंध निघालेला होता, बाजूच्या बारीक काट्यांसकट, मांस कुठे चिकटलेलं नाही. खुंटी पाडणाऱ्या हाताने हा काटा काढला? दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशीही. पिशवीची गाठ मात्र माझीच, जशीच्या तशी.

"आई, त्यांना मासा तुम्ही सोलून देता?"

"तुझ्या पिशयेक मी हात लावूक नाय," सासूबाई म्हणाल्या.

"मी पिशवीचं विचारत नाहीये. काट्यांचं विचारतेय."

"काट्यांचा काय? मांजर खाता काटे." आणि त्या टीव्हीकडे वळल्या. नवऱ्याने तेवढ्यात डोळे मिटून घेतले होते. दोघं मिळून काहीतरी लपवत होती.

एका दुपारी मी दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आले. आमच्या दाराला दिवसा पडदा असतो. चपला जिन्यापाशीच काढल्या आणि पडद्याच्या फटीतून आत पाहिलं.

दोघं जमिनीवर समोरासमोर बसली होती. नवऱ्यापुढे ताट, ताटाखाली ओलं फडकं. पिशवीतला डावा हात मांडीवर पडलेला. उजव्या तळहाताच्या कडेने त्याने बांगड्याची शेपटी दाबून धरली होती आणि अंगठ्याने पोट उकलत होता. अंगठा घसरायचा. तो पुन्हा लावायचा. कपाळावर घाम. शेवटी मधला काटा सुटला, तो त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला ठेवला. मग माशाचा तुकडा तसाच ढकलत ढकलत सासूबाईंच्या ताटात सरकवला. त्या नुसत्या भातासमोर हात आवरून बसल्या होत्या.

"बघ रे नीट, काटो नाय मां? माका दिसना नाय."

"नाय गे आये. खा तू."

त्यांनी मला पाहिलं असेल आणि हा देखावा चालवला असेल, असंही मला वाटून गेलं. म्हणून दुसरा मासा होईपर्यंत मी बाहेरच उभी राहिले. देखावा इतका वेळ कोणी करत नाही. मग आत गेले.

नवऱ्याने चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. "तू आत्ता कशी?"

"हे कधीपासून चाललंय?"

"आईला काटे दिसत नाहीत," तो म्हणाला. "घशात अडकला होता एकदा. म्हणून मी काढून देतो. तुला सांगायचं नव्हतं."

"का?"

"तू माका धरून डोळ्यांच्या आपरेशनाक नेशील म्हणून," सासूबाईच म्हणाल्या.

"आणि केंद्रात का नाही सांगितलंत?" मी नवऱ्याला विचारलं.

"तिथे कोणी विचारलं नाही. तिथे खुंट्या असतात."

पुढच्या खेपेला मी थेरपिस्टला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डावा हात बांधलेला होता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही, काकू. वेळ जायची भीती असली की घरच्यांना फार सुधारणा दिसायला लागते. मला डोळ्यांनी बघायला हवं."

राग आला. पण तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. "दाखवते. उद्या डब्यात मासा आणते," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. तिने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. आवारात मांसाहारी पदार्थ आणू नयेत. ट्रस्टचा नियम. ती स्वतःही शाकाहारी. "मटार सोलून चालतील?" तिने विचारलं.

"मटार त्यांनी जन्मात सोलले नाहीत."

शेवटी फाटकाबाहेर, भिंतीलगतच्या बाकावर चाचणी ठरली. दुसऱ्या दिवशी स्टीलचं ताट, ओलं फडकं आणि तळलेला बांगडा घेऊन आम्ही तिथे बसलो. पिशवीची गाठ या वेळी तिने स्वतः मारली आणि दोनदा ओढून बघितली. मग ओढणी नाकाला लावून वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहिली. वॉचमन खुर्ची ओढून पुढे आला. कुठूनसं एक मांजरही आलं.

"कोणासाठी काढू?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्यासाठी काढा," मी म्हटलं.

त्याला घरच्यापेक्षा जास्त वेळ लागला. मासा गार झाला होता, लोक बघत होते. एकदा ताट मांडीवरून कलंडलं, ते मी सावरायला गेले तर ती ओरडली, "काकू, हात नको!" मी हात मागे घेतला. मधला काटा अखेर निघाला, पण अर्ध्यात मोडून. उरलेला त्याने चिमटीत धरून ओढला आणि तुकडा माझ्यापुढे सरकवला. खाण्याआधी मी तो चाचपून पाहिला. एक बारीक काटा राहिला होता.

"एक राहिलाय," मी म्हटलं.

"दे इकडे," तो म्हणाला आणि तोही काढला.

थेरपिस्टने ओढणी खाली घेतली. "काका, हे तुम्ही खुंट्यांवर का नाही करत?"

"खुंट्या कोण खाणार?" नवरा म्हणाला.

वॉचमन हसला. ती हसली नाही, विचारात पडली. मग म्हणाली, "तुमची वेळ चालू राहील. पण सोमवारी येताना तुमची हत्यारं घेऊन या." सोमवारपासून खुंट्या कपाटात गेल्या आणि काकांच्या पुढ्यात जुना टेबलफॅन आला. स्क्रू सुटायला लागलेत. तांब्याची तार अजून जमत नाही, आणि जमेलच असं ती म्हणत नाही. त्यामुळे आता मी तिच्यावर थोडाफार विश्वास ठेवते.

गेल्या आठवड्यात पिशवीची नाडी तुटली. मी आंघोळ करून बाहेर आले तर सासूबाई गॅलरीत ती शिवायला बसल्या होत्या. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई समोर धरली आणि एका झटक्यात दोरा ओवला. मी दारात थांबले. त्यांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि सुई पटकन डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन डोळे बारीक केले.

त्या हे सोंग मुलासाठी करतात की मुलाच्या हातचा मासा आवडतो म्हणून, ते मला कळलेलं नाही. विचारलं तरी खरं सांगणार नाहीत.

त्याच दिवशी धाकट्या दिराचा फोन आला. आईच्या डोळ्यांची तक्रार त्याच्या कानावर गेली होती. रविवारी डॉक्टरकडे नेऊन मोतीबिंदू आहे का बघून घेतो, म्हणाला.

"इतक्यात नको, भाऊजी. पुढे बघू," मी म्हटलं.

फोन ठेवला तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, चांगल्या स्वच्छ नजरेने. "काय गो, माझे डोळे बरे होऊक नको तुका?"

मी बाजाराची पिशवी उचलली आणि निघाले. बांगडे ताजे होते, तरी मी पेडवे घेतले. त्यांना काटे जास्त.