ताईची श्वासाची जागा

दिवसभर तो पासपोर्टचे फोटो काढायचा. "हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका," हे त्यानं आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही तेच बरळतो, असं बायको सांगे. पण त्याचा जीव अडकला होता पुस्तकांच्या दुकानाखालच्या तळघरात. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी गाणं-वाजवणं चाले. साठेक खुर्च्या आणि गाणाऱ्याच्या डोक्यावर एक पिवळा दिवा, तोही मिणमिणता. फ्लॅशला सक्त मनाई.

तिथे तो पहिल्यांदा गेला तो ताईसाठी. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, ती तिथे गायची. त्यानं तीन रोल संपवले आणि एकही फोटो धड आला नाही. कुठे चेहरा बोटानं पुसल्यासारखा, कुठे नुसता काळोख. ताई हसून हसून बेजार झाली.

"अरे, ही मी आहे की चहाची वाफ?"

"उजेड कुठे होता तिथे?"

"मग शीक. मी कुठे पळून जातेय?"

तो हट्टाला पेटला. भिंतीला पाठ टेकायची, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरायची, श्वास अर्धा सोडून बटण दाबायचं. आणि वाट बघायची. अंधारात कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात समोरचा हलला की फोटो गेलाच. पण गाणारा कितीही रंगलेला असो, पुढची ओळ उचलण्याआधी क्षणभर थांबतो. ती जागा हेरायची.

हे अंगवळणी पडायला दोन वर्षं गेली, आणि त्याच सुमारास ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. तिनं तळघराचं नावच टाकलं. पुढे त्यानं शेकडो गाणाऱ्यांचे फोटो काढले, तळघराच्या जिन्यात ते लागलेही. लोक थांबून बघत. जिना उतरताना त्याला मात्र तिथे नसलेला एकच फोटो दिसायचा.

सोळा वर्षं अशीच गेली. मग ताईची मुलगी शिकायला परगावी गेली आणि ताईला घर खायला उठू लागलं. एक दिवस तीच म्हणाली, "या गुरुवारी येऊ का रे?"

ती शेवटच्या रांगेत, भिंतीकडे बसली. गाणारी मुलगी पंचविशीची. तिनं तिसरं गाणं उचललं ते नेमकं ताईचं आवडतं. त्यानं चमकून मागे पाहिलं. दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम पोचत होता. ताईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

त्यानं कॅमेरा वळवला. लहानपणी एकाच खोलीत ती रियाज करायची आणि हा गणितं सोडवायचा. ती श्वास कुठे घेते हे त्याला पाठ होतं. स्टेजवरच्या मुलीनं आधीच श्वास घेतला. ताईनं ओळ आणखी दोन शब्द ओढली, आपल्या जुन्या जागेपर्यंत, आणि मान किंचित उचलून थांबली. तिथे त्यानं बटण दाबलं. एकदाच.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन तिच्या घरी गेला. ताईनं चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली.

"यात आवाज नाही हे कळतच नाही बघ," ती कुजबुजली.

तिनं फोटो अलगद मांडीवर ठेवला.

"पण पुन्हा नको काढूस. कोणी बघतंय असं वाटलं तर मला गाता यायचं नाही."

आता ती दर गुरुवारी येते. तो तिच्याकडे पाठ करून, कॅमेरा स्टेजकडे धरून उभा राहतो. मागून ऐकू येत काहीच नाही, तरी कान तिकडेच लागलेले असतात. कधीकधी गाणं संपतं, टाळ्या पडतात, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आज आपण एकही फोटो काढलेला नाही.