तेल वर चढेपर्यंत

सिंदेवाहीपासून सिरोंच्यापर्यंतच्या अख्ख्या जंगलात घाईचा माझ्या मोठेबाबांइतका कट्टर वैरी दुसरा झाला नसेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नवी चप्पल आणली की तिला जवसाचं तेल पाजून आठवडाभर घरातल्या घरात चालवायचे, मगच ती रस्त्यावर यायची. नवीन कुकर आला तेव्हा त्यात दोन दिवस नुसतं पाणी उकळलं. तिसऱ्या दिवशी डाळ घालायची परवानगी मिळाली, तोवर मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेजारणीच्या कुकरमध्ये डाळ शिजवून आम्हाला जेवायला घातलं होतं. झोपलेल्या माणसाला त्यांनी कधी हाक मारून उठवलं नाही. आधी खिडकीचं एक दार उघडायचं, मग थोडं खोकायचं, मग दुसरं दार. त्यांनी उठवायला घेतलेला माणूस आपल्या मनानं कधीच उठून बसलेला असायचा. माझ्या बहिणीचं लग्न जुळवायला ते वरपक्षाकडे गेले आणि पाऊस, धान, तिथल्या विहिरीचं पाणी यावर इतका वेळ बोलले, की मुलाच्या वडिलांनी शेवटी हात जोडून विचारलं, "भाऊ, तुमी कोन्या कामानं आले होते?" मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "थांबा ना. कोरडं काई सुरू करू नाई." लग्न जमलं, हे सांगायला हवं. मुलाच्या वडिलांचं म्हणणं, की नाही म्हणायची ताकदच उरली नव्हती.

त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि घरामागच्या शेडमध्ये एक जुनी पेट्रोल जीप. तिचं इंजिन कित्येक वर्षांपासून जाम होतं. माझ्या लहानपणी त्या जीपमध्ये कोंबड्या अंडी घालत. दुकान बंद केल्यावर मोठेबाबांनी मूल गावच्या एका मिस्त्रीला हाताशी धरलं आणि इंजिन खाली उतरवलं. क्रँक चंद्रपूरला घासायला गेली, पिस्टन नवे आले, बेअरिंग नव्या आल्या. प्रत्येक वस्तू धुऊन, पुसून, तेल लावून जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली असे. "बाळंतिणीचा एवढा थाट मी नाई पाह्यला," मोठी आई म्हणायची. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं, आणि हे ती हसत म्हणायची.

मोठी आई सिरोंच्याची. माहेरची भाषा तेलुगू, राग आला की तीच तोंडात यायची. बसमध्ये तिला भयंकर उलट्या व्हायच्या, म्हणून माहेरी जाणं जवळजवळ सुटलं होतं. तिथे तिची थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. मोठेबाबा दर दिवाळीला सांगायचे, "आपल्या जीपनं नेतो तुले. सामोरच्या सीटवर बसून जाशीन." मोठी आई "हाव" म्हणायची आणि करंज्या तळायला लागायची.

इंजिन बसवून झालं त्या आठवड्यात मी सुटीवर सिंदेवाहीला होतो. तेव्हाच अक्काचा फोन आला. तिचा मुलगा तिला कायमचं हैदराबादला घेऊन चालला होता. घराचा सौदा झाला होता, रविवारी किल्ली द्यायची होती. मोठी आई फोन ठेवून चुलीपाशी जाऊन बसली.

"जीपनं जाऊ," मोठेबाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी शेडसमोर अर्धा मोहल्ला जमला. मिस्त्री किल्लीला हात घालून म्हणाला, "एक सेल मारतो, भाऊ. होऊन जाते." मोठेबाबांनी त्याचा हात धरला. नव्यानं जोडलेल्या इंजिनात सगळं तेल तळाशी असतं. ते पंपानं ओढून वरच्या टोकापर्यंत चढवल्याशिवाय इंजिन सुरू केलं, तर नव्या बेअरिंग कोरड्या घासतात. म्हणून त्यांनी चारही प्लग काढायला लावले, म्हणजे दाब राहत नाही आणि इंजिन हातानं फिरतं. मग वरचं टॅपेट कव्हर उघडलं, समोरून हँडल घातलं आणि सुरुवात केली. ते फिरवायचे, थांबायचे, बॅटरीचा उजेड पाडून आत डोकावायचे आणि पुन्हा फिरवायचे. बघणारे कंटाळून पांगले. मिस्त्री चहाला गेला, चहा पिऊन आला, पुन्हा गेला. ऑइलच्या मीटरचा काटा जरासा थरथरला तेव्हा मी ओरडलो, "चढलं, मोठेबाबा!"

"मागच्या कोपऱ्यात कुठी आलं, बाबू? पाह्य."

तेवढ्यात मोठी आई बाहेर आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, मुठीत लिंबू.

"मी चालली."

"कुठी?"

"सिरोंच्याले. बसचा टाइम झाला."

"अन् उलटी?"

"झाली तं झाली."

"अवो, तेल चढून राह्यलं ना. आज होते."

मोठ्या आईनं जीपकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आवाजात राग नव्हता. "तुमचं तेल चढलं का या मांगून," असं म्हणून ती निघाली. मी तिला बसवर सोडून आलो, तर मोठेबाबा हँडल धरून तसेच उभे होते. मला वाटलं, आता तरी किल्ली फिरवतील. त्यांनी पुन्हा हँडल फिरवायला घेतलं.

दुपार कलल्यावर मागच्या कोपऱ्यात तेलाचा एक काळसर थेंब उमटला, फुगला आणि ओघळला. मोठेबाबांनी बोटानं तो टिपला आणि धोतराला पुसला. प्लग बसले, किल्ली फिरली आणि इंजिन असं लागलं, की मिस्त्रीनं चक्क टोपी काढली. मोठेबाबा हसले नाहीत. मीटरचा काटा बघत बसून राहिले.

शनिवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. नवं इंजिन पळवायचं नाही, म्हणून बैलगाडीपेक्षा थोडंच जोरात. मूल, चामोर्शी, आष्टी मागे पडलं. आलापल्लीच्या पुढे सागाच्या रांगा दाट झाल्या आणि एका वळणावर मोठेबाबांनी जीप बाजूला घेतली.

"इथीच बसली होती जीप," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मोठ्या आईची आई जास्त आजारी आहे असा निरोप आला होता. तिला घेऊन ते त्याच पावली निघाले. तेल पाहिलं नाही, इंजिनाखालचा तेलाचा बोल्ट पाहिला नाही. वाटेत बोल्ट ढिला होऊन सगळं तेल सांडलं आणि या वळणावर इंजिन जाम झालं. लाकडाच्या ट्रकमध्ये बसून दोघं पोचले, तेव्हा नदीवरचं सगळं आटोपलं होतं.

"काय म्हणाली मोठी आई?"

"काईच नाई. आजपावतर नाई. बोलली असती तं बरं झालं असतं, बाबू."

त्यांनी खाली उतरून तेल पाहिलं, बोल्टला हात लावून पाहिला आणि आम्ही पुढे निघालो.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. अक्काच्या घरातलं सामान बांधून झालं होतं आणि रिकाम्या ओट्यावर दोघी बहिणी बसल्या होत्या. जीपचा आवाज ऐकून मोठी आई उठली. प्रवासानं तिचा चेहरा उतरला होता. ती सामोरच्या सीटवर चढली, अक्काला मागे बसवलं आणि हातानं रस्ता दाखवला. मोठेबाबांनी जीप प्राणहितेच्या काठावर नेली. दोघी उतरल्या, पाण्यात पाय बुडवून खूप वेळ उभ्या राहिल्या. मोठेबाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. इंजिन त्यांनी बंद केलं नाही.

ओल्या पायांनी परत येऊन मोठी आई त्यांच्या बाजूला बसली आणि तेलुगूत एक वाक्य बोलली. मोठेबाबांना इतक्या संसारात त्या भाषेतले पाणी आणि भात एवढेच शब्द आले होते. तरी त्यांनी मान हलवली.

मोठेबाबा जाऊन आता दोन पावसाळे झाले. मागच्या महिन्यात मोठ्या आईला भेटायला गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, की नदीवर ती काय म्हणाली होती.

"म्हटलं, माय असती तं उशीर काऊन झाला हे न इचारता तुमाले आधी भात वाढला असता तिनं."

"मग हे त्यांना मराठीत नाही सांगितलं कधी?"

"काऊन सांगू? समजलं होतं त्यायले." ती पदराच्या टोकाशी चाळा करत थोडी हसली. "त्या दिवशी अक्काकडे तीनदा भात मांगला त्यायनं."