बांधावरची बोर

जुईनगरहून निघताना मी बॅगेत आठवणीने मोजपट्टी टाकली. आमच्या सोसायटीने पावसाळ्याच्या सुरुवातीला आत्याच्या बांधावर दोनशे शेवगे लावले होते. माघात ते किती वाढले हे मोजून आणायची कामगिरी माझ्यावर होती. रोपं देणारे शिरवण्याचे म्हात्रेकाका बसथांब्यावर सोडायला आले. म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. सेवगा हाय तो, पानी कमी परलं तरी वाढतंय."

बीड मागे पडलं आणि खिडकीबाहेरचा हिरवा रंग संपत गेला. पाऊस अर्ध्यावरच गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तशीच वाळली होती. फाट्यावर उतरून मी तासभर चाललो.

"जय भीम, आत्या."

"आलास व्हय? बस, पाणी पी."

आत्या एकटीच राहते. दीड एकर कोरडवाहू आणि दोन शेळ्या, एवढाच तिचा संसार. जेवायला तिने भाकरी आणि मिरची वाढली. कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी) नव्हतं. गोठाही रिकामा होता, पण विचारायचं धाडस मला झालं नाही.

बांधावर दोनशे काटक्या उभ्या होत्या. रांग मात्र अगदी सरळ होती; दोरी मीच धरली होती ना! मोजपट्टी खिशातच राहिली.

बांधाच्या टोकाला मोठा खड्डा होता. तिथली जुनी बोर आम्ही जेसीबीने उपटली होती, रोपांवर सावली नको म्हणून. तेव्हा आत्या म्हणाली होती, "येवढी एक राहू दे रं." मी शहाण्यासारखं समजावलं होतं, "काटेरी झाड ते. त्याच्या जागी दहा शेवगे येतील."

आता ती खड्ड्याकडे बघत म्हणाली, "ज्वारी गेली तरी बोरं यायची. वाळवून कूट करायचे, उन्हाळा निघायचा. शेळ्या पाल्यावर जगायच्या. औंदा दोन्ही इकल्या."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. "पावसाळ्यापर्यंत तरी चल माझ्याकडे," मी म्हणालो.

"बोर असती तर नसते आले," आत्या म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. गेल्या साली केलेल्या बोरकुटाचा (वाळलेल्या बोरांची पूड) डबा तिने तळाशी ठेवला. तो अर्धाही भरलेला नव्हता.

जुईनगरला पोचलो. सोसायटीच्या जिन्याजवळ आमच्या वृक्षारोपणाचा फोटो फ्रेम करून लावलाय. हातात रोपं धरून आम्ही सगळे हसतोय. आत्या त्यापुढे थांबली. आमच्या चेहऱ्यांकडे तिने पाहिलंच नाही. कोपऱ्यात, माझ्या बुटांमागे मुळं वर करून पडलेल्या झाडावर तिने बोट ठेवलं.

"ही बघ माझी बोर. पालवी फुटलेली हाय."

इतके महिने मी येता-जाता तो फोटो पाहत होतो. त्यात एक झाड आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं.