आधी टोचा, मग गाडा

टोचणाऱ्यानं माझ्या लेकरांच्या दंडाला हात लावला नाही.

राज्य निजामाचं. देवीची साथ सुरू झाली म्हणून तालुक्याहून सरकारी टोचणारा आला होता. गावातली पोरं चावडीच्या सावलीत बसलेली. आम्ही महारवाड्यातल्या बाया खाली उन्हात, पोरं घेऊन ताटकळत. गावाचं उरकल्यावर त्यानं सुई पुसली, पेटी मिटली. पेटीत लसीच्या नळ्या शिल्लक होत्या. मी या डोळ्यांनी बघितल्या.

"साहेब, आमची पोरं ऱ्हायली," मी म्हणाले.

पाटील म्हणाले, "तुमाला लस कशाला गं? तुमची मरीआई हाय की."

सगळी चावडी हसली. टोचणाराही हसला.

त्याच साथीत माझा थोरला गेला. लिंबाच्या पाल्यावर निजवला होता. अंगभर फोड, पाणीसुद्धा गिळता येईना.

त्याची माती ओली असतानाच गावाचा सांगावा आला, मरीआईचा गाडा ओढा. रीतच होती ती. रोगराई आली की लाकडी गाड्यात मरीआई बसवायची, नारळ-लिंबं ठेवायची, आणि आम्ही तो गाडा शेजारच्या माकणी गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. गावाचा रोग ओढायला आम्ही. लस मात्र त्यांना. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

धाकटी कडेवर होती. तिच्या अंगावर अजून काही उठलं नव्हतं. तिला घेऊन चावडीपुढं गेले. गाडा सजवून तयार होता. मी दोर उचलला नाही, तिथंच खाली बसले.

"आदी पोरास्नी टोचा. मग गाडा."

"माजलीस व्हय गं?" पाटील म्हणाले.

"व्हय. माजले."

सासूनं माझा पदर ओढला. "गाव जाळंल आपल्याला." पण महारवाड्यातली एकेक बाई येऊन माझ्याजवळ बसली. गाडा हलेना. मरीआई गावातच मुक्कामाला राहिली म्हटल्यावर भल्याभल्यांची पाचावर धारण बसली. त्या गाड्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती. शेवटी पाटलांनी तालुक्याला घोडं पिटाळलं.

टोचणारा आला. त्यानं धाकटीचा दंड हातात धरला. ती किंचाळून रडली. मला बरं वाटलं.

शब्द दिला होता, गाडा ओढला. शिवेवर विळ्यानं दोर तोडला आणि आणून पाटलांच्या पायापुढं टाकला.

"ह्यो शेवटचा. पुढच्या बारीला तुमची मरीआई तुमी ओढा."

धाकटीच्या दंडावर सुईचा वण आहे. तिच्या तळहाताला त्या दोराचा घट्टा मी पडू देणार नाही.