चौथ्या रेंडरमधली बाई

भूतबित म्हटलं की हसणाऱ्यांपैकी मी. व्हिडिओ एडिटिंग करते, चिकलठाण्यात घरूनच. चेहरे गोरे करणं, माणसं पुसून टाकणं हे रोजचंच काम... त्यामुळं स्क्रीनवरच्या कशालाच मी घाबरत नव्हते.

खुलताबादकडच्या कमलकाकूंच्या मुलीचा, सोनालीचा साखरपुडा होता. त्याचा व्हिडिओ मी बनवून दिला आणि कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून एडिटिंगचा प्रोजेक्ट डिलीट केला. मग काकूंचे फोन सुरू. गाणं बदला, नाव चुकलंय, मामांचा फोटो टाका. मूळ शूटिंग जुन्या हार्ड डिस्कवर होतं, पण मी आळस केला. तयार फाइलमध्येच बदल करून ती परत परत रेंडर करत, म्हणजे नव्यानं बनवून काढत गेले. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं दर वेळी चित्र थोडं खराब होतं, हे माहीत असूनही.

चौथ्या वेळी सगळे चेहरे विरघळल्यासारखे दिसायला लागले. फक्त सोनालीशेजारच्या खुर्चीवर एक बाई होती — स्वच्छ. नथीतले मोती मोजता येतील इतकी. मी आधीच्या फाइल्स उघडल्या. पहिलीत खुर्ची रिकामी. दुसरीत काळपट डाग. तिसरीत हिरवं लुगडं.

चारही फाइल्स शेजारी शेजारी लावून मी परत पाहिल्या.

तेवढ्यात काकू आणि सोनाली पेन ड्राइव्ह न्यायला आल्या. मी चौथी फाइल लावली.

"ही कोन?" काकू म्हणाल्या. "आमच्यातली नाय ही. ती खुर्ची मामासाठी ठेवली व्हती, तो तर आलाच नाय."

सोनाली मात्र सहज म्हणाली, "आई, ह्या बसल्या होत्या की माझ्याजवळ. मला वाटलं सासरच्या असतील. हात धरला माझा... लई गार होता त्यांचा हात."

"काय म्हनली ती?"

"म्हणाल्या, मी येते तुझ्यासोबत."

"मग तू?"

"मी हो म्हणाले."

काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

मी जुनी हार्ड डिस्क लावली. मूळ शूटिंग, एकदाही रेंडर न केलेलं. खुर्ची रिकामी होती. पण सोनाली त्या रिकाम्या खुर्चीकडं वळली, हसली, आणि तिनं हळूच मान हलवली.

"बंद करा ताई," काकू म्हणाल्या.

चारही फाइल्स मी त्यांच्यासमोर डिलीट केल्या. मूळ शूटिंगवरून नवा व्हिडिओ केला, तो भाग कापून. पुढं लग्न झालं, पण काकूंनी शूटिंगवाला बोलावलाच नाही. सोनाली सासरी बरी आहे म्हणतात... मी फोन करून विचारायला धजावलेले नाही.

या धंद्यातला एक मित्र म्हणतो, कॉम्प्रेशनमुळं, म्हणजे फाइल दाबून लहान करताना चित्र बिघडतं त्यामुळं, असे भास होतात. असतीलही. पण कॉम्प्रेशननं चेहरा विरतो हो, तयार होत नाही. आणि मूळ शूटिंग तर एकदाही रेंडर झालेलं नव्हतं — मग सोनालीनं मान कुणाला हलवली? मला आजही सांगता येत नाही.